दहा दिवसांत १:१०० चं मॉडेल

सोलापुरात अशोक चौकाच्या मागे आमच्या शेडमध्ये सासऱ्यांच्या काळात टॉवेलचे माग चालायचे. आता तिथं तीन टेबलं, कटिंग मॅट आणि इमारतींची मॉडेलं असतात. मार्च लागला की आर्किटेक्चरची मुलं-मुली दारात उभी राहतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, पुढच्या गुरुवारी ज्युरी आहे." ज्युरी म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचा दिवस. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एखाद्या ऑफिसात नुकत्याच लागलेल्या आणि पहिलंच मॉडेल अंगावर पडलेल्या पोरापोरींनाही याचा उपयोग होईल.

नवख्यांना वाटतं की मॉडेलचा वेळ कापण्यात जातो. मलाही तसंच वाटायचं. मग एक वर्षभर वहीत तास लिहून ठेवले, तेव्हा दिसलं की मोठे तास थांबण्याचे आहेत. फेव्हिकॉल सुकायचा, रंगाचा पहिला हात वाळायचा, लेझर कटिंगवाल्याकडे नंबर लागायचा, पुण्याहून पार्सल यायचं, आर्किटेक्टने जिन्याची जागा नक्की करायची. हाताचा वेग वाढवून यातलं काहीच लवकर होत नाही. ही थांबणी आधी कागदावर मांडायची आणि त्यांच्या पोटात बाकीची कामं बसवायची, एवढं जमलं तर दहा दिवस पुरतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. जुळे सोलापुरात ३० × २० मीटरचा प्लॉट आहे, खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं घर. दहाव्या दिवशी सकाळी ते मॉडेल डॉक्टरांच्या टेबलावर हवं.

आधी तारखेवरून मागे या

कॅलेंडर घ्या आणि शेवटच्या दिवसापासून उलटं लिहा. दहावा दिवस फक्त नेण्याचा. नववा दिवस नव्या कामाला बंद. त्या दिवशी पुसणं, डागडुजी, पेटी भरणं. आठव्याला झाडं, गाड्या, माणसं. सहा-सातला जोडणी. पाचवा रंगाचा. तीन-चारला कापणी. पहिल्या दोन दिवसांत ड्रॉइंग, सामान, मॉडेलखालचा बेस आणि लेझरची फाइल.

या तक्त्यात प्रत्येक रात्रीसमोर एक काम लिहा, जे तुम्ही झोपलेले असताना आपोआप होईल. पहिल्या रात्री बेस वजनाखाली, पाचव्या रात्री रंग वाळत, सहाव्या रात्री भिंतींचे सांधे पक्के होत. रात्रीसमोरची जागा रिकामी दिसली, तर तुम्ही एक आख्खा दिवस वाया घालवताय असं समजा. रात्रभर जागून मॉडेल करण्याची कॉलेजात फार कौतुकाने चर्चा होते. पहाटे तीनला धरलेलं कटर बोटावर जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, टाके घालायला बरोबर गेलेय.

प्रमाण: किती मोठं आणि किती खरं

१:१०० म्हणजे एक मीटरचा एक सेंटीमीटर. आपला प्लॉट ३० × २० सेंटीमीटरचा झाला. चहूबाजूंनी सहा सेंटीमीटर जागा रस्त्याला आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाला सोडली की बोर्ड ४२ × ३२. हे एका माणसाला दोन हातांत धरता येतं.

"मॅडम, १:५० करूया, भारी दिसेल," असं कोणीतरी म्हणतंच. लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होतं. शिवाय १:५० ला बघणाऱ्याचे डोळे जास्त मागतात. १:१०० ला खिडकी म्हणजे भोक आणि मागे पारदर्शक शीट, एवढं चालतं. १:५० ला चौकट, ग्रिल, छज्ज्याची जाडी, सगळं दिसायला लागतं. दहा दिवस असतील तर १:१०० च्या पुढे जाऊ नका. मोठी सोसायटी किंवा कॅम्पस असेल तर १:२०० किंवा १:५००.

प्रमाण ठरलं की काय करायचं नाही याची यादी करा. ५० मिमीचा रेलिंगचा पाइप १:१०० ला अर्ध्या मिलिमीटरचा होतो. तो करता येतो, पण पन्नास उभे पाइप सरळ लावायला अख्खी दुपार जाते. त्याऐवजी पातळ पारदर्शक शीटवर कटरच्या बोथट टोकाने उभ्या रेघा ओढा; दहा मिमी उंचीची ती पट्टी गॅलरीला लावली की लांबून रेलिंगच दिसतं. दाराच्या कड्या, पाण्याचे नळ, एसीची युनिटं सोडून द्या. मात्र त्या इमारतीचं जे वैशिष्ट्य आहे ते सोडू नका. आपल्या दवाखान्याला पश्चिमेचं ऊन अडवणारी विटांची जाळी आहे. डॉक्टर आधी तिच्याकडेच बघणार. वाचवलेला सगळा वेळ त्या जाळीला द्या.

ड्रॉइंग फायनल, मग हात नाही

पहिल्या दिवशी संध्याकाळी प्लॅन, चारही बाजूंची एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) आणि एक सेक्शन (उभा छेद) १:१०० ला छापून घ्या. प्रिंटवर पट्टी ठेवून एक माप तपासा. "पेजवर बसवा" असा पर्याय चुकून निवडलेला असला तर सगळी प्रिंट चार-पाच टक्क्यांनी लहान निघते आणि ते भिंती उभ्या करेपर्यंत कळत नाही. मग आर्किटेक्टची सही आणि तारीख त्याच कागदावर घ्या. सही मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. एका मोठ्या कामात मी ती मागितली नव्हती. सहाव्या दिवशी पुढची गॅलरी दीड मीटर सरकली आणि पूर्ण उभी झालेली एक बाजू मला उपटावी लागली. कोणाचीच चूक म्हणता येत नव्हती, कारण कागदावर काहीच नव्हतं.

आता मापांचं गणित, जे सगळ्यात जास्त चुकतं. नऊ इंची भिंत २३० मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये २.३. बाजारात मिळतो तो बोर्ड २ मिमीचा. तो वापरा, पण बाहेरचं माप अचूक ठेवा. पडणारा फरक आतल्या खोल्यांत जाऊ द्या, तो कोणाला दिसत नाही. बाहेरून १२० मिमी रुंद असलेल्या बाजूची भिंत दोन आडव्या भिंतींच्या मधे बसणार असेल, तर ती १२० नव्हे, ११६ कापायची, कारण दोन्हीकडे २-२ मिमी शेजारची भिंत खाते. उंचीचंही तसंच. मजला ते मजला ३.२ मीटर, म्हणजे ३२ मिमी. त्यात स्लॅबचा बोर्ड २ मिमी. भिंत ३० ची. जोतं सहा मिमी, दोन मजले ६४, पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, दहा, एकूण ८०. ही बेरीज मोठ्या अक्षरांत टेबलासमोर चिकटवा.

प्रत्येक तुकड्याला नंबर द्या: त-उ-१ म्हणजे तळमजला, उत्तर, पहिली भिंत. नंबर पेन्सिलने, आतल्या बाजूला.

सामान

नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत माउंट बोर्ड (भिंतींसाठीचा जाड पुठ्ठा), आयव्हरी शीट, फेव्हिकॉल, मास्किंग टेप, कटरची पाती मिळून जातात. बेसला बारा मिमी प्लाय किंवा एमडीएफ सुताराकडून कापूनच आणा, काटकोन त्याच्या मशीनवर नीट येतो. जे सोलापुरात मिळत नाही, म्हणजे तयार छोटी माणसं, गाड्या, पानांची बारीक भुकटी, ते पहिल्याच दिवशी पुण्याहून मागवा. पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे, पार्सल एका रात्रीत येऊ शकतं, पण येईलच असं धरून तक्ता करू नका.

पात्यांवर कंजुषी नको. बोथट पातं माउंट बोर्डची कड फाडतं आणि जास्त जोर लावायला लावतं, मग ते घसरतं. मी साधारण वीस-पंचवीस मोठ्या कापांनंतर टोक मोडून टाकते. स्टीलची पट्टी, काटकोन तपासायचा गुण्या आणि चिमटा एवढं हवंच.

सनबोर्ड आणि फोम बोर्ड यांत गोंधळ होतो, तो इथेच मिटवते. सनबोर्ड हा पीव्हीसीचा; कटरने छान कापला जातो, पण लेझरवर कधीही घालायचा नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो फुप्फुसाला घातक, आणि मशीनचे भागही गंजवतो. फोम बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधे हलका फोम. त्यावर स्प्रे रंग किंवा फेव्हिक्विक कडेला लागलं तर मधला फोम विरघळून खड्डा पडतो. थर्मोकोलचंही तेच.

बेस पहिल्या रात्रीच

सगळे इमारतीपासून सुरुवात करतात आणि बेस शेवटी घाईत होतो. उलटं करा. प्लायवर वरचा कागद किंवा बोर्ड चिकटवताना फेव्हिकॉल थोडं पाणी घालून, ब्रशने, सगळीकडे सारखं पसरा. ओल्या बाजूला बोर्ड वाकतो, म्हणून पालथ्या बाजूलाही तसलाच एक कागद चिकटवा. दोन्हीकडून ओढ सारखी बसते आणि बेस सपाट राहतो. वर पाट, त्यावर वजन, आणि सकाळपर्यंत हात नाही. फेव्हिकॉल अर्ध्या तासात धरतो, पण पूर्ण ताकद यायला रात्र जावीच लागते.

आपला भाग बहुतेक सपाट असल्यामुळे चढ-उताराचे थर फार लागत नाहीत. प्लॉटला एखादा मीटर उतार असेल तर तो १० मिमी होतो. दोन मिमीचे पाच थर.

सकाळी बेसवर प्लॅनची बाह्यरेषा, उत्तर दिशा आणि गेट पेन्सिलने आखून ठेवा.

लेझरवाले अण्णा

एमआयडीसीत आणि शहरात लेझर कटिंगची दुकानं आहेत. त्यांचं रोजचं काम नेमप्लेट, पाट्या, लग्नपत्रिका. लग्नसराईत नंबर लागत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीच फाइल घेऊन जा. मी ज्यांच्याकडे जाते ते अण्णा पहिल्या भेटीत म्हणाले, "ताई, फाइल साफ करून आणा ओ. एकावर एक दोन रेघा हायत, मशीन दोनदा जाळतंय." तेव्हापासून ड्रॉइंगच्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरमधली ओव्हरकिल कमांड चालवल्याशिवाय मी फाइल देत नाही; ती एकावर एक आलेल्या रेघा काढून टाकते. फाइल मिलिमीटरमध्ये, १:१०० लाच काढलेली, आणि कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ ठेवा, म्हणजे अण्णा मोजून खात्री करतील.

लेझरची रेघ स्वतः साधारण ०.१ ते ०.२ मिमी मटेरियल खाते. दोन तुकडे एकमेकांत अडकवायचे असतील तर आधी दोन इंचांचा नमुना कापून बघा. विटांच्या जाळीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. मधली पट्टी एक मिमीपेक्षा बारीक ठेवली तर माउंट बोर्ड काळा पडून तुटतो. खरी वीट दाखवण्याचा हट्ट सोडून दीड मिमीची पट्टी आणि दोन मिमीचं भोक ठेवलं की जाळी टिकते आणि उजेडात तिची सावलीही पडते. कापण्याआधी बोर्डवर मास्किंग टेप लावायला सांगा, धुराचे डाग टेपवर राहतात.

थ्रीडी प्रिंटर कोणाकडे असेल तर घुमट, गोल खांब असल्या वस्तू त्यावर काढाव्यात. घरगुती प्रिंटरचं नोझल बहुधा ०.४ मिमीचं असतं, त्याहून बारीक काही निघत नाही. वीज गेली की प्रिंट अर्ध्यात थांबतो, तेव्हा यूपीएस जोडल्याशिवाय रात्रीच्या भरवशावर सोडू नका.

कापणं आणि उभं करणं

जाड बोर्ड एका दमात कापायचा नाही. पहिला हात फक्त रेघ उमटवण्यासाठी, दुसरा-तिसरा हलका, चौथ्याला तुकडा सुटतो. खिडक्या आधी कापा, भिंतीची बाहेरची कड नंतर. भिंत आधी सुटी केली तर खिडकी कापताना हलते. खिडकीच्या कोपऱ्यात पातं थोडं पुढे जातं आणि तिथे छोटी चीर दिसते. तुकडा पालथा करून कोपऱ्याकडून मध्याकडे कापलं की ती टळते.

जोडताना सगळ्यात आधी जोत्यावर दोन भिंतींचा एक कोपरा गुण्याला टेकवून उभा करा आणि अर्धा तास सोडा. तो कोपरा काटकोनात असेल तर बाकीची इमारत त्याच्या आधाराने सरळ येते. त्या अर्ध्या तासात जिना करा.

जिन्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे नवखे हमखास अडतात. ३.२ मीटरला पायऱ्यांचे २० चढ, म्हणजे मॉडेलमध्ये प्रत्येक चढ १.६ मिमी. त्याच्या जवळचा बोर्ड मिळतो दीड मिमीचा. एकावर एक १९ पट्ट्या लावल्या तर साडेअठ्ठावीस मिमी होतात आणि वरच्या स्लॅबवर पाय टाकायला साडेतीन मिमीचा शेवटचा चढ उरतो, बाकीच्यांपेक्षा दुपटीहून उंच. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. प्रत्येक पट्टीला खाली एक कागद चिकटवा, पट्टी १.६ ची होते आणि जिना स्लॅबला बरोबर भिडतो. खाली रुंद पट्टी, वर ती प्रत्येकी तीन मिमीने कमी. हे करायला वीस मिनिटं लागतात.

वरचा मजला आणि छत चिकटवू नका. आतून दोन मिमीचे छोटे कोपरे लावले की छत झाकणासारखं बसतं. डॉक्टरांना आपलं घर उघडून बघायचं असतंच. आत दिवे लावायचे असतील तर १२ व्होल्टची एलईडी पट्टी, आणि ती रात्रभर लावून तपासल्यावरच वायर बंद करा. भिंतीच्या सांध्यांतून उजेड गळतो. आतून काळा कागद लावला की थांबतो.

ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, जोडायला फेव्हिक्विक नको, कडेला पांढरट धुकं येतं. ॲक्रिलिकवाले क्लोरोफॉर्म वापरतात. सुईने सांध्यात सोडला की तो स्वतःच आत ओढला जातो. पण तो वायू शरीराला अपायकारक आहे. दार-खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेला, आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. नवख्यांनी कडेला पातळ दुहेरी टेप लावून काम भागवलं तरी चालतं.

रंग आणि आपलं ऊन

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीसच्या वर असतो. त्या हवेत दुपारी स्प्रे मारला तर रंग पृष्ठभागावर पोचायच्या आधीच वाळतो आणि भिंत खरखरीत, पावडर लावल्यासारखी होते. वाऱ्याबरोबर धूळही बसते. सकाळी सात-साडेसातला, आडोशाला, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून पातळ तीन हात मारा. जाड एक हात ओघळतो. डबा उन्हात किंवा गाडीत ठेवू नका.

शक्य असेल तर रंगवूच नका, हे माझं मत. पांढऱ्या माउंट बोर्डची इमारत, तपकिरी जाळी आणि एखादी लाकडी पट्टी एवढ्यात मॉडेल स्वच्छ दिसतं, आणि तक्त्यातला एक पूर्ण दिवस हाती येतो.

झाडं, रस्ता, शेत

रस्त्याला काळा बारीक पॉलिश पेपर. झाडाला विजेच्या वायरमधली तांब्याची तार पिळून खोड, वर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा रंगवलेला स्पंज. आठ मीटरचं कडुनिंबाचं झाड आठ सेंटीमीटरचं, म्हणजे इमारतीइतकंच उंच. ते मागच्या बाजूला लावा, नाहीतर जाळी झाकली जाते.

हिरवळीची आमच्याकडे एक सोय आहे. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि कारखान्यांतून त्याचे काठ-तुकडे मिळतात. त्यातले लूप साधारण दोन-तीन मिमी उंच असतात. १:१०० ला ते पाव मीटर होतात, लॉनपेक्षा उंच, म्हणून कात्रीने खाली घ्यावे लागतात. पण शेजारच्या मोकळ्या रानात कोवळी ज्वारी दाखवायची असेल तर तोच तुकडा फिका हिरवा रंगवून, ओळीने विंचरून लावा. बाहेरून आलेल्या आर्किटेक्टनीही त्यावर हात फिरवून पाहिला आहे.

माणसं दोन-चार हवीतच, १६-१७ मिमीची. त्यांच्याशिवाय दाराची उंची डोळ्यांना कळत नाही.

टेबलापर्यंत

मेमध्ये एकदा पार्क चौकाजवळ गाडी अर्धा तास उन्हात उभी केली आणि मागच्या सीटवर मॉडेल. परत आले तर कंपाउंडची भिंत आडवी. ती ग्लू गनने लावली होती. बंद गाडीच्या उष्णतेत तो गोंद मऊ पडतो. तेव्हापासून ग्लू गन फक्त बेसच्या खालच्या बाजूला.

बेसच्या मापापेक्षा दोन सेंटीमीटर मोठी पुठ्ठ्याची पेटी करा, तिची एक बाजू खाली पडणारी, म्हणजे मॉडेल वरून उचलावं लागत नाही, सरकवता येतं. झाडं आणि माणसं वेगळ्या डबीत न्या आणि तिथे गेल्यावर आधीच केलेल्या भोकांत खोचा. सोबत छोटा डबा: फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, चिमटा, नवं पातं, पांढऱ्या बोर्डचे दोन तुकडे, मऊ ब्रश. अर्धा तास आधी पोचा. सात रस्त्याच्या सिग्नलपाशी गाडी किती थांबेल ते आपल्या हातात नाही.

ॲक्रिलिकवरचा संरक्षक कागद तिथेच, टेबलावर काढा, नाहीतर बोटांचे ठसे उमटतात. मग मॉडेल फिरवून त्यावरचा उत्तरेचा बाण खऱ्या उत्तरेकडे करा. डॉक्टर आले की त्यांना आपला रस्ता आपल्याच बाजूला दिसतो, काही समजावून सांगावं लागत नाही. जुळे सोलापुरच्या त्या डॉक्टरांनी गेटवर बोट ठेवलं, तसंच आत जाळीपर्यंत नेलं, आणि विचारलं, "पेशंट उन्हात थांबणार नाहीत ना इथं?" छत उचलून आम्ही त्यांना वेटिंगची जागा दाखवली.